रिकामा ट्रे आणि उपसलेली डिस्क: व्हीएमच्या फ्लशला उत्तर काय द्यायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हा धागा थोडा तांत्रिक आहे, पण यात आमच्याकडून एक चूक झाली आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

सांगलीत विश्रामबागेत आमचं तिघांचं ऑफिस आहे. तासगाव-सांगली पट्ट्यातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजना आम्ही एक पेटी बसवून देतो. आत लिनक्स, त्यावर केव्हीएम-क्यूएमू (एका कॉम्प्युटरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम. एकात त्यांचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं, दुसऱ्यात चेंबरच्या तापमानाची नोंद होते. डिस्कचा बॅकएंड, म्हणजे व्हीएमचं लिहिणं-वाचणं खऱ्या डिस्कपर्यंत नेणारा भाग, मात्र आमचा आहे. व्हीहोस्ट-यूजर पद्धतीनं वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, रस्टमध्ये लिहिलाय. दोन्ही मशीनचा एकाच क्षणाचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) हवा होता, म्हणून हा खटाटोप.

रोज रात्री ११ वाजता मशीन क्षणभर थांबवतो, सगळ्या ड्राइव्हना फ्लश करतो, स्नॅपशॉट घेतो आणि मशीन परत सुरू करतो. एका ठिकाणी सलग चार रात्री स्नॅपशॉट झालाच नाही. लॉग पाहिला तर व्हर्च्युअल डीव्हीडी ड्राइव्हचा फ्लश "मीडियम नाही" (ड्राइव्हमध्ये डिस्कच नाही) अशी एरर देत होता. ट्रे रिकामा होता, तो जवळजवळ नेहमीच रिकामा असतो. एका ड्राइव्हची एरर आली की आमचा कोड सगळंच रद्द करायचा.

आमच्या सहकाऱ्यानं दुरुस्ती केली: ड्राइव्ह रिमूव्हेबल (ज्यातली डिस्क काढता येते असा) असेल तर फ्लशच्या एररकडे दुर्लक्ष करायचं. पॅच मीच तपासला आणि मीच घेतला. स्नॅपशॉट सुरू झाले.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी त्याच स्टोरेजमध्ये मुनीमजींनी यूएसबी डिस्कवर बॅकअप घेतला. पट्टी १०० टक्के झालेली दिसली आणि त्यांनी डिस्क काढली. डिस्क त्यांच्या हातात असताना स्क्रीनवर "बॅकअप यशस्वी" असं आलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं शेवटी विंडोजला फ्लश मागितला होता, विंडोजनं आमच्या बॅकएंडला मागितला, आमच्या एफसिंकला (मेमरीतला मजकूर खऱ्या डिस्कवर उतरवायला लिनक्सला सांगणारा कॉल) एरर आली आणि आमच्या नव्या ओळीनं ती गिळून "झालं" म्हणून सांगितलं. यूएसबी डिस्कसुद्धा रिमूव्हेबलच!

चार दिवसांनी वीज गेली आणि मूळ डेटा फाइल बिघडली, तेव्हा हा बॅकअप उघडला. आकार बरोबर, पण फाइलच्या शेवटच्या भागात नुसती शून्यं. त्याआधीचा बॅकअप आणि स्नॅपशॉट जोडून बरंचसं परत आलं, तरी दोन दिवसांच्या पावत्या मुनीमजींना हातानं पुन्हा चढवाव्या लागल्या. मी दोन्ही दिवस त्यांच्याशेजारी बसून पावत्या वाचून दाखवल्या.

तर प्रश्न असा: रिमूव्हेबल ड्राइव्हवर फ्लश आला आणि मीडियम जागेवर नसेल, तर नेमकं काय उत्तर द्यायचं? यश म्हणायचं की एरर? दोन्ही उत्तरांनी आमचं नुकसान झालंय.

हळदबाजार

मार्केट यार्डात आमचं हळदीचं दुकान आहे. प्रोग्रामिंगमधलं मला काही कळत नाही, पण पावत्यांचं दुखणं कळलं. फ्लश म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगाल का?

कृष्णाकाठ

दादा, तुमच्याच पेढीवरचं सांगतो. सौद्याच्या वेळी वजनं आणि भाव कच्च्या चिठ्ठ्यांवर टिपले जातात, कारण तेवढ्या घाईत कीर्द लिहायला वेळ नसतो. चिठ्ठी घेतली की दिवाणजी "हं, झालं" म्हणतात आणि पुढचं वजन लागतं. कॉम्प्युटरही असंच करतो. लिहायला दिलेला मजकूर आधी मेमरीत ठेवतो आणि लगेच "झालं" म्हणतो. फ्लश म्हणजे मालकानं थांबवून विचारणं, "आत्तापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या कीर्दीत चढल्या का?" याचं उत्तर "हो" आलं तर ते खरंच असलं पाहिजे, कारण मालक त्या भरवशावर चिठ्ठ्या फाडतो.

आमच्या दिवाणजीनं कीर्दीची वही चोरीला गेलेली असताना "हो" म्हटलं.

हळदबाजार

आता समजलं. मग वही चोरीला गेलेली असताना "हो" म्हणणं चूकच. पण ज्या गाळ्यात आज सौदाच झाला नाही, तिथं काय चढवायचं राहिलंय? तिथला दिवाणजी "नाही" म्हणाला तर तेही बरोबर नाही.

अजिंक्यतारा

वरच्या प्रतिसादात हळदबाजारांनी अर्धं उत्तर दिलंच आहे. मी साताऱ्यात असतो, क्यूएमूच्या ब्लॉक लेयरमध्ये काही वर्षं वावरलोय.

फ्लश कोण मागतंय हे आधी बघा. मागणारे दोन असतात. एक म्हणजे गेस्ट, व्हीएमच्या आत चालणारी सिस्टीम, तो एका विशिष्ट ड्राइव्हबद्दल विचारतो. दुसरे तुम्ही स्वतः, मशीन थांबवताना किंवा मायग्रेशनच्या वेळी (मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवताना) सगळ्या ड्राइव्हवरून फिरणारे. तुमच्या कोडमध्ये दोघांना एकच फंक्शन उत्तर देतं, घोटाळा तिथून सुरू होतो.

क्यूएमूच्या जुन्या कोडमध्ये "सगळ्यांना फ्लश" करणाऱ्या फंक्शनमध्ये सरळ अट होती: ड्राइव्ह फक्त-वाचनाचा नसेल, आणि एकतर तो रिमूव्हेबल नसेल किंवा त्यात मीडियम असेल, तरच फ्लश करा. ही अट नीट वाचा. ती "रिमूव्हेबल असेल तर एरर सोडून द्या" असं म्हणत नाही. रिकाम्या ड्राइव्हला विचारूच नका, पण ज्याला विचारलं त्याचं उत्तर खरं माना, असं म्हणते. तुमच्या सहकाऱ्याला "रिमूव्हेबल" हा शब्द बरोबर सापडला, पण त्यांनी तो प्रश्न विचारण्याआधी वापरायच्या ऐवजी उत्तर आल्यावर वापरला.

आणि रिकामा ड्राइव्ह हा अपवाद समजू नका. क्यूएमूचं जुनं पीसी मशीन, म्हणजे आय ४४० एफएक्स, काहीही न सांगता सुरू करा आणि क्यूएमूच्या मॉनिटरवर, म्हणजे त्याच्या कमांडच्या खिडकीत, ब्लॉक यादी मागा. एक फ्लॉपी आणि एक सीडी ड्राइव्ह दिसतो, दोन्हींपुढे "मीडियम घातलेलं नाही". रिकाम्या ड्राइव्हमुळं सर्व-फ्लश अडायला लागला तर असं एकही मशीन धड थांबणार नाही.

पुढं २०१५ च्या डिसेंबरात क्यूएमू २.५ आलं तेव्हा ट्रे उघडणं, मीडियम काढणं, नवं घालणं आणि ट्रे बंद करणं या वेगवेगळ्या पायऱ्या झाल्या. ड्राइव्ह ही एक वस्तू आणि त्यातलं मीडियम ही दुसरी. तुमच्या रस्टच्या कोडमध्ये या दोन्ही एकाच स्ट्रक्चरमध्ये असतील तर आधी त्या वेगळ्या करा.

कृष्णाकाठ

एकाच स्ट्रक्चरमध्ये आहेत. फाइल डिस्क्रिप्टर असेल तर "भरलेला", नसेल तर "रिकामा", एवढंच. तुम्ही म्हणताय ते पटलं.

नीरा_खोरे

मला थोडं वेगळं वाटतं. लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, स्कझी (डिस्कशी बोलायची एक पद्धत) डिस्कचा ड्रायव्हर बघा. कॅश सिंक करायची कमांड पाठवल्यावर डिस्कनं "मीडियम नाही" म्हटलं, म्हणजे एररचा अतिरिक्त कोड ३-ए आला, तर ड्रायव्हर शून्य परत करतो. तिथं कॉमेंटही आहे की ही इथं एरर नव्हे. कर्नलच माफ करत असेल तर आपण एवढं ताणायचं का?

अजिंक्यतारा

चांगला मुद्दा काढलात, कारण तो नेमका माझ्या बाजूचा आहे! ते फंक्शन कुठून बोलावलं जातं ते बघा. डिव्हाइस बंद करताना आणि सस्पेंडला जाताना. म्हणजे कर्नल स्वतः सगळ्यांवरून फिरतोय, कुणी वापरकर्ता एका डिस्कची हमी मागत नाहीये. कार्ड रीडरमध्ये कार्ड नाही म्हणून लॅपटॉप झोपायचा थांबायला नको, एवढाच त्याचा हेतू.

फाइल सिस्टीमकडून येणारा फ्लश वेगळ्या वाटेनं जातो, तिथं ही माफी नाही. आणि डिस्क उपसल्यावर पेज कॅशमधली पानं (लिहायला दिलेला, मेमरीत ठेवलेला मजकूर) लिहिता आली नाहीत, तर ती एरर नोंदवून ठेवली जाते आणि पुढच्या एफसिंकला मिळते. कृष्णाकाठ यांना मिळाली ती हीच.

नीरा_खोरे

बरोबर. मी ते कुठून बोलावलं जातं हे पाहिलं नव्हतं. मुद्दा मागे घेतो.

बेदाणा_तासगाव

त्या एफसिंकच्या एररबद्दल एक धोक्याची सूचना. ती एरर एकदा मिळाली की संपली. एफसिंक फसल्यावर लिनक्स ती पानं "स्वच्छ" म्हणून ठेवू शकतो, आणि दुसऱ्यांदा एफसिंक केलं की सरळ यश मिळतं, जरी डेटा डिस्कवर कधीच गेला नसला तरी. २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना हे लक्षात आलं तेव्हा मोठी चर्चा झाली. तोवर ते एफसिंक फसलं तर पुन्हा प्रयत्न करायचे. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसलं की सर्व्हर बंद पडतो आणि लॉगवरून सावरतो. पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर वेगळी सेटिंग चालू करावी लागते.

क्यूएमूमध्येही फाइलच्या बॅकएंडला अशी खूण आहे: पेज कॅश वापरत असताना एकदा एफसिंक फसलं की पुढचे फ्लशही एररच देतात. तुमच्याकडे ही खूण आहे का? विंडोज फ्लश फसल्यावर पुन्हा प्रयत्न करणारच, आणि दुसऱ्या वेळी तुम्ही प्रामाणिकपणे खोटं उत्तर द्याल.

कृष्णाकाठ

नाही. ही खूण नाही. आज रात्री हे पहिलं करतो.

वसंतदादानगर

फ्लॉपी आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढूनच टाका की. ना राहील बांस.

अजिंक्यतारा

नको असलेलं काढावंच. पण त्यानं मूळ प्रश्न सुटत नाही, यूएसबी डिस्क राहतेच. शिवाय "काढलं" म्हणजे खरंच गेलं असं नसतं. २०१५ मधला व्हेनम नावाचा दोष आठवत असेल. तो फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये होता, आणि फ्लॉपी न जोडलेल्या मशीनमध्येही तो कंट्रोलर हजर असायचा. रिकाम्या ड्राइव्हचा कोडसुद्धा चालणारा कोड असतो, त्याची चाचणी भरलेल्या ड्राइव्हइतकीच घ्यावी लागते.

माहुली_संगम

मी वालचंद कॉलेजची विद्यार्थिनी. एक शंका. आधी "मीडियम आहे का" बघितलं, "आहे" आलं, आणि मग फ्लश केला. या दोन्हींच्या मध्ये कुणी डिस्क उपसली तर? तपासणी खरी असूनही उत्तर चुकेल ना?

बेदाणा_तासगाव

ताई, नेमकी जागा पकडलीत. म्हणून "आहे का" या एका प्रश्नावर अवलंबून राहू नये, देणं किती आहे याचा हिशेब ठेवावा. प्रत्येक मीडियमला दोन क्रमांक द्या. लिहिण्याचा क्रमांक दर राइटला एकनं वाढतो. फ्लशचा क्रमांक म्हणजे शेवटचा यशस्वी फ्लश सुरू झाला तेव्हा लिहिण्याचा क्रमांक किती होता तो. दोन्ही सारखे असतील तर देणं शून्य. क्यूएमूही असे दोन क्रमांक ठेवतं, नवीन काही लिहिलंच नसेल तर खाली डिस्कपर्यंत फ्लश पाठवत नाही.

आता मीडियम गेलं तेव्हा देणं शून्य असेल तर काही हरवलेलं नाही. कधी उपसलं, तपासणीच्या आधी की नंतर, यानं फरक पडत नाही. देणं बाकी असताना गेलं तर हरवलंय, आणि ते कुणालातरी सांगितलंच पाहिजे.

हळदबाजार

म्हणजे उधारीची वही!

माहुली_संगम

समजलं. पण तीच डिस्क मुनीमजींनी दोन मिनिटांनी परत लावली तर? देणं फेडता येईल का?

बेदाणा_तासगाव

नाही. होस्टच्या, म्हणजे पेटीतल्या मूळ लिनक्सच्या, दृष्टीनं ती नवी डिस्क आहे, जुन्या डिव्हाइसची न लिहिलेली पानं गेली. म्हणून देणं मीडियमच्या जुन्या जोडणीच्या नावावर बुडीत म्हणून लिहायचं, नव्या जोडणीचे क्रमांक शून्यापासून. आणि गेस्टला बदल झाल्याचं कळायला हवं. परत लावल्यावर पहिल्या कमांडला युनिट अटेन्शन हा स्कझीचा इशारा द्या, सेन्स की (एररचा प्रकार) ६, कोड २८, म्हणजे "मीडियम बदललेलं असू शकतं". मध्ये रिकामं असताना फ्लश आला तर सेन्स की २, कोड ३-ए. गेस्टला हे सगळं समजतं, कारण खऱ्या ड्राइव्हसुद्धा हेच बोलतात. गेस्टच्या फ्लशला रिकाम्या ड्राइव्हवर "यश" कधीच नको.

सह्याद्री_हार्डवेअर

मी डिस्क विकतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळं खालच्या बाजूचं सांगतो. कृष्णाकाठ, तुमच्या होस्टवर ती यूएसबी डिस्क लावल्यावर कर्नलचा लॉग बघा. कितीतरी स्वस्त यूएसबी एन्क्लोजरना (डिस्क बसवायच्या डब्यांना) "कॅशिंग मोड पेज सापडलं नाही" आणि त्याखाली "ड्राइव्ह कॅश राइट थ्रू समजतोय" अशा दोन ओळी येतात. म्हणजे डिस्कनं आपल्या कॅशबद्दल सांगितलंच नाही, आणि कर्नल गृहीत धरतो की तिला कॅश नाही. मग तो सिंकची कमांड पाठवतच नाही. आत खरी डिस्क राइट-बॅक कॅशची, म्हणजे आधी स्वतःच्या मेमरीत ठेवून नंतर लिहिणारी, असेल, तर तुमचा एफसिंक यशस्वी होऊनही शेवटचा तुकडा डिस्कच्या स्वतःच्या मेमरीत असू शकतो. तुमचा कोड कितीही चोख असू दे.

माझ्या गिऱ्हाइकांना मी एकच सांगतो: डिस्क काढण्याआधी नुसतं अनमाउंट नको, यूएसबी पोर्टची पॉवर-ऑफ कमांड द्या आणि डिस्कचा दिवा विझेपर्यंत थांबा.

कृष्णाकाठ

आमच्या पाचपैकी दोन डिस्कना या ओळी येतात. आत्ताच पाहिलं. त्या दोन्ही बदलतोय.

गावभाग

सगळं वाचलं. मी प्रोग्रामर नाही, एका स्टोरेजचं ऑफिस सांभाळते. तुम्हाला एक सांगावंसं वाटतं. मुनीमजींनी डिस्क घाईनं काढली असं इथं वाटू शकतं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. गावभागात, मारुती चौकात ऑफिसं पाण्याखाली गेली, कॉम्प्युटर, वह्या, सगळं. तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळी डिस्क काढून पिशवीत घालून वरच्या मजल्यावर न्यायची रीत आहे. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा त्याच रीतीनं हिशेब वाचले. डिस्क काढणारा माणूस आमच्याकडे काळजी घेणारा माणूस असतो. त्याला कधी काढायची ते नीट कळेल असं काहीतरी करा.

कृष्णाकाठ

ताई, मनापासून आभार. आमच्या डिझाइनमध्ये ही बाजूच नव्हती. आम्ही "रिमूव्हेबल" म्हणजे कधीतरी निघणारं असं धरलं होतं. तुमच्याकडे ते रोज संध्याकाळी निघतं.

अजिंक्यतारा

गावभाग ताईंच्या प्रतिसादावरून: व्हर्च्युअल ट्रेला तुम्ही कुलूप लावू शकता. गेस्ट मीडियम अडवायची कमांड देतो, तुम्ही ट्रे उघडायला नकार देता. इजेक्ट मागितलं तर क्रम असा ठेवा: नव्या रिक्वेस्ट थांबवा, चालू असलेल्या संपू द्या, फ्लश करा, तो यशस्वी झाला तरच ट्रे उघडा. पण यूएसबी पोर्टला कुलूप नाही, तिथं देणं लहान ठेवणं एवढंच हातात आहे. लिनक्स नेहमीच्या सेटिंगला मळलेली, म्हणजे अजून डिस्कवर न गेलेली, पानं ३० सेकंदांपर्यंत मेमरीत ठेवतो, लिहिणारा थ्रेड दर ५ सेकंदांनी उठतो. बॅकअपच्या डिस्कसाठी पेज कॅश टाळून थेट लिहा. वेग कमी होईल, पण पट्टी १०० टक्के दाखवते तेव्हा डेटा खरंच त्याच्या आसपास पोचलेला असेल. मायक्रोसॉफ्टनंही विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून यूएसबी डिस्कचं मूळ धोरण "जलद काढणं" असं केलंय, ते याच कारणानं.

माहुली_संगम

याची चाचणी कशी घेता? दरवेळी डिस्क उपसून?

बेदाणा_तासगाव

उपसून तर बघाच, शेवटी तेच खरं. पण रोजच्या चाचणीला कर्नलचं स्कझी-डीबग मॉड्यूल वापरा, त्याला रिमूव्हेबल हा पर्याय देता येतो. आणि डिव्हाइस मॅपरमधलं फ्लेकी टार्गेट ठरावीक सेकंद नीट चालतं, मग ठरावीक सेकंद राइटना एरर देतं. क्यूएमूमध्ये ब्लॉकडीबग ड्रायव्हर आहे, त्यात फ्लशच्याच वेळी एरर टाकता येते.

कृष्णाकाठ

एक आठवडा गेला, काय केलं ते सांगतो.

ड्राइव्ह आणि मीडियम वेगळे केले. मीडियमला जोडणीचा क्रमांक आणि देण्याचे दोन क्रमांक दिले. गेस्टचा फ्लश आणि आमचा सर्व-फ्लश ही आता दोन वेगळी फंक्शनं आहेत. सर्व-फ्लश रिकाम्या ड्राइव्हला वगळतो, पण आधी बुडीत देणं बघतो. देणं असेल तर स्नॅपशॉट थांबवत नाही, कारण मुख्य डिस्कचा त्यात काही दोष नाही, मात्र त्या रात्रीच्या नोंदीत बॅकअप बुडाल्याचं ठळक लिहितो आणि आम्हाला मेसेज येतो. यावर आमच्यात वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की स्नॅपशॉटही थांबवावा. मला वाटतं, एका डिस्कच्या दुखण्यासाठी दुसरीचं संरक्षण काढून घेऊ नये.

एफसिंक एकदा फसलं की ते मीडियम निघेपर्यंत प्रत्येक फ्लश एरर देतो. ही खूण टाकल्यावर फ्लेकीच्या चाचणीत लगेच एक दोष सापडला. आमची फ्लशची रांग दोन फ्लश एकत्र करायची आणि एरर फक्त पहिल्याला द्यायची. दुसऱ्याला यश मिळायचं. हा दोष वर्षभर तिथंच होता.

बॅकअपची डिस्क आता थेट लिहिली जाते. तासगावच्या पेटीवर आधी ४ मिनिटांत होणारा बॅकअप ७ मिनिटं घेतो.

आणि गावभाग ताईंसाठी: पेटीच्या पुढच्या बाजूला दोन दिवे लावलेत. देणं बाकी असेपर्यंत लाल. सगळं डिस्कवर गेलं आणि पोर्टची पॉवर बंद झाली की हिरवा. मुनीमजींना दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, वीज गेली आणि दोन्ही दिवे विझले तर काय समजायचं?

गावभाग

मग काय सांगितलंत?

कृष्णाकाठ

त्या दिवशी उत्तर नव्हतं. आता हिरव्या दिव्याला छोटी बॅटरी जोडतोय, म्हणजे एकदा हिरवा लागला की वीज गेली तरी हिरवाच राहील. दोन्ही विझलेले असतील तर डिस्क तिथंच ठेवायची आणि आम्हाला फोन करायचा, असं पेटीवर मराठीत चिकटवलंय. शनिवारी तासगावला जाऊन बसवतो, मग फोटो टाकतो.